आवाजाचा सांधा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे डोळ्याचं ऑपरेशन झालं, मग पाऊस, मग पाहुणे. असो. आजचा विषय वाचून घरच्या मंडळींना हसू येईल. जिला रिमोटची चार बटणं धड कळत नाहीत ती आत्या चक्क स्पीकरवर लिहिते आहे! पण मी जन्मभर शाळेत इतिहास शिकवला, आणि इतिहासाच्या माणसाला एक खोड असते. एखादी गोष्ट का बिघडली ते कळेना, की ती मुळात सुरू कशी झाली हे तो शोधायला लागतो. तर हा लेख त्या खोडीतून आलेला आहे.

झालं असं. गेल्या दिवाळीत आम्ही सगळे भाच्याकडे जमलो होतो. माझा थोरला भाऊ, म्हणजे आमचा दादा, जाऊन आता पंचवीस वर्षं होऊन गेली. १९८७ च्या गणपतीत घरी कुणीतरी टेपरेकॉर्डर चालू ठेवला होता, आणि दादा मुलांना गोष्ट सांगतोय अशी एक कॅसेट वहिनींच्या ट्रंकेत सापडली. भाच्याने ती साफ करून संगणकावर उतरवून घेतली आणि सगळ्यांसमोर लावली. घरात नवा होम थिएटरचा संच आलेला. मुठीएवढे पाच स्पीकर, त्यांना सॅटेलाइट म्हणतात, म्हणजे उपग्रह. आणि एक काळी जड पेटी, देवळातल्या दानपेटीएवढी, ती सबवूफर. टीव्हीजवळ जागा नव्हती म्हणून ही दानपेटी सोफ्यामागच्या कोपऱ्यात.

दादाचा आवाज खर्जातला, भरदार. गोष्ट सुरू झाली आणि आम्ही सगळे गोंधळलो. दादाचे 'च', 'स', 'ट' टीव्हीकडून येत होते, आणि आवाजाचं अंग, तो घुमारा, सोफ्यामागून. धाकटी नात उठून सोफ्यामागे डोकावून आली. मुलं हसली. वहिनी मात्र हसल्या नाहीत. ऐंशी ओलांडलेल्या वहिनी इतकंच म्हणाल्या, "वन्सं, हा ह्यांचा आवाज नाही. कुणीतरी ह्यांची नक्कल करतंय."

भाच्याचा चेहरा उतरला. बिचाऱ्याने किती हौसेने केलं होतं! दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला, सगळं तपासलं आणि म्हणाला, संच एकदम ठीक आहे. तेही खरंच होतं. संच सांगितलेलं काम चोख करत होता. मग माणूस दोन तुकड्यांत का ऐकू येत होता?

घरी आल्यावर मी वाचायला घेतलं. इंग्रजी माझं बेताचं, आणि विज्ञानाशी संबंध अकरावीत सुटला. पण नातू मदतीला होता, आणि चार-पाच महिन्यांत जे हाती लागलं ते इतकं मजेदार निघालं की लिहून ठेवावंसं वाटलं.

पहिला प्रश्न, आवाजाला दोन पेट्या मुळात लागतातच कशाला?

आज आपण जो स्पीकर पाहतो, म्हणजे कागदाचा कोन, त्यामागे तारेचं वेटोळं आणि लोहचुंबक, त्याचं रूप १९२५ मध्ये ठरलं. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोघांनी त्यावरचा निबंध त्या वर्षी मांडला. इतकी वर्षं झाली, पण मूळ यंत्र तेच आहे. आणि त्याची अडचणही तीच आहे. वरचा स्वर काढायला हवा थोडीशी हलवली तरी पुरते. खालच्या स्वराला हवा भरपूर ढकलावी लागते. स्वर एक सप्तक खाली आणायचा आणि तितकाच मोठा ऐकवायचा, तर कोनाला चौपट पुढेमागे जावं लागतं. दोन सप्तकं खाली, तर सोळापट! शिवाय बारा इंची कोनाचं क्षेत्रफळ तीन इंची कोनाच्या सोळापट असतं. सुपाने वारा घालणं आणि पोस्टकार्डाने वारा घालणं यातला हा फरक आहे. पोस्टकार्ड कितीही जोरात हलवलं तरी धान्य पाखडता येत नाही.

म्हणजे खर्जाला मोठा कोन हवा. पण मोठा जड कोन वरचे बारीक स्वर नीट काढू शकत नाही. तेव्हा आवाजाचे दोन भाग करा, खालचा भाग मोठ्याला द्या, वरचा लहानाला. जिथे हे दोन भाग होतात त्या जागेला क्रॉसओव्हर म्हणतात. मी त्याला सांधा म्हणते. सुताराच्या सांध्यासारखा. सांधा चांगला असेल तर दार एक दिसतं, वाईट असेल तर दोन फळ्या दिसतात.

हे सांध्याचं काम प्रथम मोठ्या प्रमाणावर करावं लागलं ते सिनेमावाल्यांना. १९२७ नंतर अमेरिकेत बोलपट आले, आपल्याकडे १९३१ मध्ये 'आलम आरा' आणि १९३२ मध्ये प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. चित्रं बोलू लागली, पण थिएटरातला आवाज कर्ण्यातून आल्यासारखा किरटा असे. तिकडे बेल प्रयोगशाळेत हार्वे फ्लेचर आणि मंडळी खटपट करत होती. २७ एप्रिल १९३३ ला त्यांनी फिलाडेल्फियात वाजणारा वाद्यवृंद टेलिफोनच्या तारांवरून वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकवला, तीन वेगळ्या वाटांनी, आणि प्रत्येक वाटेला खालच्या आणि वरच्या स्वरांचे कर्णे वेगळे. प्रख्यात संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की वॉशिंग्टनमध्ये बसून आवाजाच्या कळा फिरवत होता. श्रोत्यांसमोर रिकामा रंगमंच, आणि संगीत मात्र भरलेलं!

पण खरी गंमत पुढे आहे. हॉलिवूडच्या एमजीएम स्टुडिओत डग्लस शिअरर हा ध्वनिविभागाचा प्रमुख. त्याच्याबरोबर जॉन हिलियर्ड आणि जेम्स लान्सिंग. हे थिएटरसाठी अशीच दुहेरी यंत्रणा जुळवत होते. चाचणीला एलिनॉर पॉवेल या नर्तिकेच्या टॅप नाचाचा तुकडा लावला. बुटांना पत्र्या लावून फरशीवर ताल धरतात तो नाच. तर प्रत्येक टापेचे दोन आवाज! ध्वनिमुद्रणात तर एकच टाप. शोध घेतल्यावर कळलं, की खालच्या स्वरांचा कर्णा घड्या घातलेला, आतून बराच लांब. त्यातला आवाज कित्येक फूट जास्त चालून येत होता. ध्वनीला एक मीटरला साधारण तीन हजारांश सेकंद लागतात. म्हणजे उशीर सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपासचा, पण कानाने तो पकडला. मग शिअररच्या मंडळींनी खालचा कर्णा आखूड केला, दोन्हींची अंतरं जुळवली आणि १९३६ च्या सुमारास जी यंत्रणा तयार झाली ती पुढे थिएटरच्या स्पीकरांचा आदर्श ठरली. तांत्रिक कामासाठीचा ॲकॅडमीचा पुरस्कारही तिला मिळाला.

हे वाचलं आणि मी थबकले. एका बाईचं पाऊल दोनदा ऐकू येतं आणि माझ्या भावाचा आवाज दोन ठिकाणहून येतो, रोग एकच की हो! फरक इतकाच, की त्यांचा सांधा वेळेत चुकला होता आणि आमचा जागेत.

आता घराकडे वळू. थिएटरातले कर्णे घरात मावत नाहीत. घरातल्या खर्जाचं मोठं काम एका शिक्षकाने केलं हे सांगताना मला अंमळ अभिमानच वाटतो. एडगर विलचर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनीविषयी शिकवायचा, आणि हेन्री क्लॉस त्याचा विद्यार्थी. गुरुशिष्यांनी १९५४ मध्ये अकूस्टिक रिसर्च ही कंपनी काढली. पूर्वी कोनाला मागून ताण देण्यासाठी कडक कड असे. विलचरने ती सैल केली आणि पेटी हवाबंद केली. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करू लागली. त्यामुळे कपाटाएवढ्या पेटीतून निघणारा खर्ज पुस्तकांच्या फडताळात बसेल अशा पेटीतून निघू लागला. पुढे हाच विलचर श्रवणयंत्रांच्या संशोधनाकडे वळला. आमच्या वयाच्या मंडळींनी त्याला दोनदा नमस्कार करायला हरकत नाही.

१९५८ च्या सुमारास स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या आणि घरात एकाच्या जागी दोन पेट्या झाल्या. मग साहजिकच विचार आला, की दोघांचा खर्ज एकाच पेटीत का घालू नये? या विचाराला एक आधार होता. आवाज कुठून येतो हे आपल्याला कसं कळतं याचा उलगडा इंग्लंडच्या लॉर्ड रॅलेने १९०७ मध्येच केला होता. वरच्या स्वरांना आपलं डोकं आड येतं, त्यामुळे एका कानाला ते मोठे आणि दुसऱ्याला लहान ऐकू येतात. खालच्या स्वरांच्या लाटा इतक्या लांब की त्या डोक्याला वळसा घालून जातात. तिथे दोन्ही कानांतला अगदी सूक्ष्म वेळेचा फरक तेवढा उरतो. आणि खोलीत, भिंतींवरून परतणाऱ्या लाटांच्या गर्दीत, फार खालच्या स्वरांचा तोही माग लागत नाही. म्हणून खर्जाची पेटी कुठेही ठेवा असं लोक म्हणू लागले. यातला 'फार खालच्या' हा शब्द मात्र पुढे विसरला गेला. आमच्या घोटाळ्याचं मूळ तिथेच आहे.

मधल्या काळात सिनेमाने खर्जाची चव लावली. १९७४ मध्ये 'अर्थक्वेक' नावाचा भूकंपाचा चित्रपट आला. त्यासाठी सेन्सराउंड नावाची यंत्रणा थिएटरात बसवली, तिचे प्रचंड स्पीकर जमीन हादरल्यासारखं भासवत. लॉस एंजेलिसच्या एका प्रसिद्ध थिएटरात तर छताचे पोपडे पडतील म्हणून जाळी लावली होती! १९७७ मध्ये 'स्टार वॉर्स'च्या सत्तर एमएम प्रतींत सहापैकी दोन वाटा खास खर्जासाठी राखल्या. आपल्याकडे त्याआधी, १९७५ मध्ये 'शोले' सत्तर एमएम आणि स्टिरिओ आवाजात आला होता. मी तो दुसऱ्या वर्षी मे महिन्याच्या सुटीत मुंबईला मिनर्व्हात पाहिला, दादा आणि वहिनींबरोबर. आगगाडी एका बाजूने दुसऱ्या बाजूला गेली तेव्हा वहिनींनी माझा हात घट्ट धरला होता.

पुढचा टप्पा आकड्याचा. लुकासफिल्मचा टॉमलिन्सन होल्मन, ज्याच्या देखरेखीखाली १९८३ मध्ये टीएचएक्स ही थिएटरच्या आवाजाची कसोटी सुरू झाली, त्याने १९८७ मध्ये डिजिटल सिनेमासाठी पाच पूर्ण वाटा आणि एक खर्जाची अपुरी वाट सुचवली. ही सहावी वाट साधारण १२० हर्ट्झपर्यंतच, म्हणजे सेकंदाला १२० कंपनांपर्यंतच जाते. पूर्ण वाटेच्या दोनशेव्या भागाइतकीच. मग हिशेबाने 'पाच पूर्णांक शून्य शून्य पाच' म्हणायला हवं. त्याने सरळ ५.१ म्हटलं. गणिताच्या शिक्षकाने कान धरला असता, पण नाव मात्र जगभर झालं. १९९२ मध्ये 'बॅटमॅन रिटर्न्स'पासून डॉल्बी डिजिटलने ते थिएटरात आलं, आणि १९९७ नंतर डीव्हीडीबरोबर घराघरात.

इथे एक गोष्ट मला उशिरा कळली, ती सांगते. सबवूफर म्हणजे केवळ तो दशांश एक नव्हे. घरी त्याला दोन कामं असतात. एक, स्फोट-गडगडाटाची ती खास वाट. आणि दुसरं, लहान स्पीकरांना न झेपणारा, त्यांच्या वाटणीचा खर्ज. दादाच्या कॅसेटमध्ये कसलेही स्फोट नव्हते. तरी सबवूफर बोलत होता, तो या दुसऱ्या कामामुळे.

मग सांधा कुठे असावा? १९९० च्या सुमारास टीएचएक्सने घरासाठी कसोटी ठरवली तेव्हा होल्मनने आकडा धरला ८० हर्ट्झ. त्या स्वराची लाट साधारण सव्वाचार मीटर लांब. खोलीत त्याची दिशा सहसा कळत नाही, आणि पुरुषाचा बोलण्याचा आवाज बहुतेक त्याच्या वरच सुरू होतो. म्हणजे माणसाचा आवाज सांध्यात सापडत नाही. किती शहाणपणाचा आकडा!

आणि सांधा नुसता जागेवर असून भागत नाही, त्याचा उतारही जुळावा लागतो. ह्यूलेट पॅकार्डमध्ये काम करणारे सीगफ्रीड लिंकविट्झ आणि रस रायली यांनी १९७६ मध्ये एक रीत मांडली. सांध्याच्या दोन्ही बाजूंनी आवाज सारख्याच वेगाने, सप्तकाला २४ डेसिबलने, उतरत न्यावा, म्हणजे बेरीज सपाट येते. टीएचएक्सच्या घरगुती संचात यातली युक्ती मला फार आवडली. सबवूफरला यंत्राने पूर्ण २४ चा उतार दिला, पण सॅटेलाइटला फक्त १२ चा. का? कारण हवाबंद पेटीतला चांगला सॅटेलाइट ८० च्या आसपास स्वतःहूनच १२ ने उतरू लागतो. अर्धा उतार यंत्राचा, अर्धा त्याच्या अंगचा. जुळणी म्हणतात ती ही. दोघांचे स्वभाव पाहून केलेली.

पण यासाठी सॅटेलाइट स्वतः ८० पर्यंत उतरणारा हवा, म्हणजे पाच-सहा इंची कोन हवा. लोकांना मात्र दिवाणखान्यात पेट्या दिसायलाच नको होत्या. १९८७ मध्ये बोस कंपनीने अकूस्टिमास नावाचा संच आणला, ओंजळीत मावतील असे चौकोनी स्पीकर आणि आड लपवायची एक खर्जाची पेटी. तो खूप खपला, आणि मग अनेक कंपन्यांचे तशा धर्तीचे लहान-मोठे, स्वस्त-महाग संच निघाले. त्यातल्या अडीच-तीन इंची कोनाचा दम बहुधा १५० ते २०० हर्ट्झला संपतो. तिथून खालचं सगळं सबवूफरने उचलायचं. २०० ची लाट पावणेदोन मीटरची, तिची दिशा कानाला व्यवस्थित कळते. आणि बोलणाऱ्या पुरुषाच्या आवाजाचा मूळ स्वर १०० ते १३० च्या आसपास असतो!

आता लक्षात आलं ना? भाच्याच्या संचात सांधा होता १८० वर. तो बरोबर दादाच्या आवाजातून गेला होता. मूळ स्वर दानपेटीत, वरचे स्वर आणि व्यंजनं टीव्हीखालच्या मुठीएवढ्या स्पीकरात. वहिनींनी एका क्षणात जे ओळखलं ते समजायला मला पाच महिने लागले.

मग उन्हाळ्यात पुन्हा पुण्याला गेले. भाच्याचा अँप्लिफायर वेगळा होता आणि त्यात हे आकडे बदलता येत होते, हे नशीब. माळ्यावर दादाच्याच वेळचे सहा इंची दोन स्पीकर पडले होते. ते पुसून टीव्हीच्या दोन बाजूंना ठेवले, मधला छोटा काढून टाकला. एकाच वाटेचा आवाज दोन्हींतून सारखा आला की तो बरोबर मधोमध उभा राहतो. त्या दोघांसाठी सांधा ८० वर आणला. मागचे दोन छोटे तसेच ठेवले, त्यांचा आकडा वरच राहिला. ही तडजोड आहे, पण मागून कुणी फारसं बोलत नाही.

दानपेटीची जागा शोधायची रीत ऐकाल तर हसाल. वहिनी बसतात त्या जागी सोफ्यावर सबवूफर ठेवायचा, एखादं भजन लावायचं, आणि आपण जमिनीवर रांगत रांगत जिथे खर्ज एकसारखा, न घुमणारा ऐकू येईल ती जागा शोधायची. ती सबवूफरची जागा. नातवंडांनी हे काम आनंदाने केलं. कोपऱ्यात सगळे स्वर घुमतात, कारण खोलीलाही स्वतःचे स्वर असतात. बारा फुटी भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा स्वर कोपऱ्यात फुगतो आणि खोलीच्या मधोमध नाहीसा होतो. आमची जागा निघाली टीव्हीच्या डावीकडे, भिंतीपासून दीडेक फुटांवर. पेटीमागे शून्य आणि १८० असं एक बटण असतं. ते दोन्हीकडे करून पाहिलं, ज्यात आवाज जास्त भरीव आला ते ठेवलं. आणि शेवटी सबवूफरचा आवाज कमी केला. चांगलाच कमी. हळू आवाजात खर्ज आपल्याला कमी ऐकू येतो हे त्याच फ्लेचरने मन्सनबरोबर १९३३ मध्ये दाखवलं, म्हणून लोक तो चढवून ठेवतात. पण डग्गा जोरात बडवला म्हणून तबल्याशी जुळत नाही.

मग कॅसेट लावली. आता वाटेल की वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं वगैरे. तसं काही झालं नाही. दोन-तीन मिनिटं त्या ऐकत होत्या. गोष्टीत एका जागी दादा थांबतो आणि काहीतरी खुडबुड ऐकू येते. तिथे वहिनी एकदम म्हणाल्या, "हां, इथे लाइट गेली होती. ह्यांनी निरांजन उचलून आणलं आणि धोतरावर तेल सांडलं." आणि त्या रात्रीचं सगळं सांगायला लागल्या. कोण कोण आलं होतं, मोदक किती उरले, दुसऱ्या दिवशी ते धोतर कसं धुतलं. आम्ही सगळे वहिनींकडे वळलो. दादा मागे बोलत होता, आपल्या जागेवरून, आणि स्पीकरकडे कुणाचं लक्षच नव्हतं. भाच्याने हळूच आवाज थोडा कमी केला, वहिनींचं नीट ऐकू यावं म्हणून.

तर मंडळी, असा संच घ्यायला जाल तेव्हा सबवूफर केवढा हे मागून विचारा. आधी विचारा, लहान स्पीकर किती खाली उतरतो. आणि दुकानात बॉम्बस्फोट ऐकू नका. घरातल्या कुणाचा तरी बोललेला आवाज घेऊन जा आणि तो लावून पाहा.

ज्यांच्याकडे अशा जुन्या कॅसेट असतील त्यांनी त्या यंदा तरी उतरवून घ्याव्यात. फिती फार दिवस टिकत नाहीत.